स्पीकरमधला दम

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांतला मी. इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

बहात्तरचा दुष्काळ. नेवाशाबाहेरच्या माळावर आम्ही तंबू ठोकून होतो — मी आणि माझे वरिष्ठ, गोडबोले सर. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या लयीत वर-खाली होतो, ते टिपायचं काम. आज डिजिटल कॅमेरे करतात ते. आमच्याकडे दुर्बीण, फिल्मचा कॅमेरा आणि प्रकाश मोजणारा फोटोसेल. त्याला मी स्पीकर जोडला होता. ऊन असेपर्यंत एकसुरी गुणगुण. ढग आला की आवाज उतरायचा, आम्ही कॅमेरा थांबवायचो. त्या वर्षी ढग कुठले यायला!

एका दुपारी ती गुणगुण तुटायला लागली. लांब ओढ... अडकणं... मग घरघर. आभाळ निरभ्र, फोटोसेलच्या मीटरचा काटा स्थिर. मी वायरी तपासत होतो, तेवढ्यात आमचा स्वयंपाक करणाऱ्या सोनाबाई तंबूच्या दारात थबकल्या.

"ह्यो आमच्या नानाचा दम हाय."

"बाई, मशीन बिघडलंय," सर म्हणाले.

"न्हाई सायेब. ल्हानपनापास्नं ऐकते मी. माजा भाऊ हाय त्यो... मला त्याच्याकडं न्या."

सर माझ्याकडे वळले. "जीप काढ. मी थांबतो इथे."

प्रवरा कोरडी पडली होती. जीप पात्रातूनच घातली. पलीकडच्या वस्तीवर नाना एकटेच बाजेवर पडले होते. घरची सगळी दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलेली. उंबऱ्यातच मला ऐकू आलं — लांब ओढ, अडकणं, घरघर. तोच आवाज.

"नाना, आले रं मी," बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी डोळे उघडले, बहिणीला ओळखलं. थोड्या वेळात सगळं संपलं.

संध्याकाळी परतलो तर सर तंबूबाहेर बसलेले. "तू गेल्यावर थोड्या वेळाने पार बंद झाला तो आवाज," म्हणाले. "लख्ख ऊन होतं... तरी."

मी अ‍ॅम्प्लिफायर खोलला, स्पीकर बदलला. दोष सापडला नाही. फिल्म धुतली, तीही नेहमीसारखीच.

तेरावं झाल्यावर सोनाबाई आल्या, त्या चूल न पेटवता थेट तंबूत.

"एकडाव लावा की वो. ऐकायचाय मला."

मी लावला. नुसती एकसुरी गुणगुण. स्पीकरला कान लावून त्या ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या. आवाज बारीक होत होत बंद झाला.

"मग त्या दिशी इथं कोन हुतं, दादा?"