गरब्याच्या पासावर प्रयोगशाळेत

बडोद्यातल्या आमच्या मुलींच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद व्हायचं. जूनमध्ये सातला चांगला उजेड असायचा, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत असायची, आणि आम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या बायका खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या आत. रस्त्यापलीकडे मुलांचं होस्टेल होतं. त्यालाही गेट होतं, पण ते बंद करता येतं हे बहुधा कोणाला सुचलंच नव्हतं. मला या गोष्टीचा तेव्हा जितका राग यायचा तितकाच आजही येतो. त्यामुळे आता वय झालं, त्यांचीही बाजू कळते, असलं काही मी इथे लिहिणार नाही.

मी अमरेलीची. बडोदा संस्थानच्या काळात पणजोबा वहिवाटदार होऊन तिकडे गेले आणि आमचं घर तिथेच राहिलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती. वडील शाळेत शिक्षक होते. मला एम.एससी.साठी बडोद्याला पाठवायला ते तयार झाले, कारण मला होस्टेल मिळालं होतं आणि माझी आत्या तिथे वाडी नावाच्या जुन्या भागात राहत होती. होस्टेलमध्ये स्थानिक पालक म्हणून आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आतोबांनी सही केली. बसमध्ये बसवताना वडिलांनी एकच गोष्ट बजावली. होस्टेलातून तक्रार आली की शिक्षण संपलं, पहिल्या बसने घरी यायचं. घरी एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि आई ते हातचं सोडायला तयार नव्हती.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. माझ्या डोक्यात विषय पक्का होता. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या काही शेतांजवळून कारखान्यांच्या सांडपाण्याचा नाला जायचा. तिथल्या मातीत असे जिवाणू सापडतात का, जे त्या पाण्यातली घाण खाऊन वाढतात, हे मला बघायचं होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीचं शेत त्याच बाजूला होतं. तिच्याबरोबर जाऊन मी पिशवीभर माती घेऊनही आले होते.

अडचण यंत्राची होती. बाटलीतलं पाणी किती गढूळ झालं ते मोजायचं आणि त्यावरून जिवाणू किती वाढले ते काढायचं, असं ते यंत्र. अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये ते एकच होतं. दिवसभर त्यावर पीएच.डी.वाले बसलेले असत. आमच्यासारख्यांची पाळी संध्याकाळी सहानंतर. एकदा सुरुवात केली की थोड्या थोड्या वेळाने मोजत तीन तास तरी जागचं हलता येत नसे. सहाला सुरू करून सातला निघून जाणं म्हणजे गॅसवर दूध ठेवून घराला कुलूप लावण्यातला प्रकार.

आमच्या सरांनी यावर सोपा उपाय शोधून ठेवला होता. होस्टेलच्या मुलींनी लायब्ररीत बसून होण्यासारखा विषय घ्यायचा. दरवर्षी मुली तसंच करत. म्हणजे मुलं प्रयोग करणार आणि आम्ही दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांबद्दल वाचून सुवाच्य अक्षरात लिहिणार. मी सांगितलं, मला मातीचाच विषय हवा. सर तसे वाईट नव्हते, पण भांडण म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, परवानगी आण, मग यंत्र देतो.

मग माझी टोलवाटोलवी सुरू झाली. होस्टेलच्या वॉर्डनना आम्ही सगळ्या बेन म्हणायचो. त्या म्हणाल्या, नियम माझा नाही, वरच्या ऑफिसचा आहे. वरच्या ऑफिसने सांगितलं, होस्टेलच्या कारभारात आम्ही पडत नाही. तिथल्या साहेबांपुढे मी युनिव्हर्सिटीची छापील पुस्तिका उघडून ठेवली. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वापरण्याचा हक्क सर्व विद्यार्थ्यांना सारखा आहे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाले, हक्क आहेच, नाही कोण म्हणतंय? सातच्या आत वापरा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की जिना उतरताना मी त्यांना मोठ्याने शिव्या घातल्या, अस्सल अमरेलीच्या.

ऑक्टोबर आला आणि होस्टेलच्या फळ्यावर नोटीस लागली. नवरात्राच्या नऊ रात्री मुलींना गरब्यासाठी बारापर्यंत बाहेर राहायची परवानगी. बडोद्यात यात कोणाला काही वावगं वाटत नाही. नवरात्रात तिथे सगळं शहर रस्त्यावर असतं, सोन्याने मढलेल्या पोरी स्कूटरवर मागे बसून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जातात, आणि आई-बाप मजेत कडेला आईस्क्रीम खात बसतात. मी मात्र त्या फळ्यासमोर उभी राहून हसत सुटले. वर्षभर सव्वासातला जो रस्ता आमच्या जिवाला धोक्याचा होता, तो आता मध्यरात्रीपर्यंत सुरक्षित झाला होता.

मी तडक सरांकडे गेले आणि बारापर्यंतची परवानगी मिळाल्याचं सांगितलं. नऊ दिवस का होईना, यंत्र माझं. सर आधी गोंधळले, मग त्यांनाही हसू आलं. मोठ्या मुश्किलीने हो म्हणाले.

त्यासाठी गेटवर रोज पास मिळायचा. तो घेतानाची अट अशी की मुलगी गरब्याच्या कपड्यांत हवी. बेन स्वतः गेटवर उभ्या राहून बघायच्या. साधा ड्रेस दिसला की परत आत. तेव्हा मीही चणिया-चोळी घालून, कपाळाला टिकली, हातभर बांगड्या अशी नटूनथटून रोज बाहेर पडायची आणि मैत्रिणी मैदानाकडे वळल्या की मी डिपार्टमेंटकडे वळायची. तिथे वरून पांढरा कोट चढवायचा, ओढणी कमरेला घट्ट खोचायची, कारण टेबलावर बर्नर पेटलेला असायचा, आणि कामाला लागायचं. कोटाच्या खालून घागऱ्याच्या घेराचे आरसे चमकत. मुलं पहिल्या रात्री खूप हसली, दुसऱ्या रात्री थोडी कमी, नंतर कोणाला हसायला वेळ नव्हता.

पहिल्या दोन रात्री फुकट गेल्या. माझ्याच हातून बाटल्यांत नको ते जंतू शिरले. तिसऱ्या रात्रीपासून मात्र आकडे हळूहळू चढायला लागले. मैदानातला ढोल खिडकीतून ऐकू येत होता आणि माझ्यासमोर कागदावर एक रेघ वर जात होती. पादऱ्याच्या चिमूटभर मातीतलं काहीतरी जिवंत होतं, ते वाढत होतं, आणि ते मी माझ्या हाताने मोजत होते. इतका निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. नवव्या रात्री काम लवकर आटोपलं तेव्हा पळत जाऊन दोन फेऱ्या गरबाही खेळून आले.

पास संपले तेव्हा काम निम्मं झालं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा अर्ज घेऊन फिरायचं मी ठरवत होते, तेवढ्यात दसरा झाला आणि मलाच बोलावणं आलं. नवरात्रात ज्या मुलाची यंत्रावरची पाळी मला मिळाली होती, त्याने होस्टेलात जाऊन सांगितलं होतं की ही गरब्याच्या नावाखाली लॅबमध्ये येऊन बसते.

होस्टेलच्या ऑफिसात टेबलापलीकडे बेन, ते चष्मेवाले साहेब आणि आमचे सर बसले होते. अलीकडे मी आणि आत्या. आतोबा कामासाठी पादऱ्याला गेले होते, म्हणून फोन जाताच आत्या एकटीच शाळेतून धावत आली होती. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. मधे घरीही गेली नव्हती, खांद्याला शाळेचीच पिशवी होती.

दुपारपासून बोलणं चाललं होतं. मी शिस्त मोडली, विश्वासघात केला, इतर मुलींपुढे वाईट उदाहरण ठेवलं. यातलं बरंचसं त्यांनी माझ्याऐवजी आत्यालाच ऐकवलं. तुमचं लक्ष नाही, मुलगी हाताबाहेर गेली, वगैरे. आत्या मान खाली घालून ऐकत होती. मी विचारलं, माझी चूक कोणती ते तरी सांगा. बारापर्यंत बाहेर राहायची मुभा होती, मी माझ्याच डिपार्टमेंटमध्ये होते, आणि रोज वेळेच्या आत परत आले. त्यावर साहेब जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही.

"तू गरब्याला गेली असतीस, तर आमची काही हरकत नव्हती."

मी म्हटलं, मग एवढंच मला कागदावर लिहून द्या. ते त्यांनी दिलं नाही. त्यांना कागद माझ्याकडून हवा होता. पासाचा गैरवापर केला याची माफी, आणि यापुढे सातनंतर प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही असं वचन. लिहून दिलं तर होस्टेल राहील, नाहीतर खोली रिकामी करायची.  मी सरांकडे पाहिलं की ते पंख्याकडे पाहायचे.

आत्याने माझा हात धरला.  "लिहून दे ग," ती हळूच म्हणाली. "जवा दे ना, सोडून दे आता. दोन ओळींनी काय होतंय? तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू?"

साहेबांचं मला काही लागलं नाही, पण हे लागलं. मी पेन उचललं आणि माफीची ओळ मनात जुळवूनही पाहिली. पण दुसऱ्या ओळीवर अडले. ती लिहिली की माती, बाटल्या, ती वर जाणारी रेघ, सगळं संपलं. मग बडोद्यात राहून तरी मी काय करणार होते? मी पेन खाली ठेवलं आणि लिहिणार नाही म्हणून सांगितलं.

साहेबांनी खोली रिकामी करायचा हुकूम दिला आणि ते उठून गेले. सरही त्यांच्या मागोमाग. मी वर जाऊन ट्रंक भरली, वळकटी बांधली. खोलीतली मैत्रीण रडत होती, तरी तिने ट्रंकेचं एक कडं धरलं आणि आम्ही खाली आलो. आत्या गेटपाशी थांबली होती. गेट बंद झालेलं होतं आणि चौकीदाराच्या शेजारी बेन उभ्या होत्या.

"सात वागी गया छे," बेन म्हणाल्या. "अत्यारे नहीं जवाय. काले सवारे जजो."

सात वाजले, आता जाता येणार नाही, उद्या सकाळी जा. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण बेन चेष्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की सातनंतर मुलीला फक्त पालकाच्या ताब्यात सोडता येतं. आत्या म्हणाली, मी आहे की. बेननी मान हलवली. पालक म्हणून सही आत्याच्या मिस्टरांची होती, आत्याची नव्हती. त्यांना बोलवा, नाहीतर उद्या या. शिवाय, त्या अगदी काळजीने म्हणाल्या, एवढं सामान घेऊन तुम्ही दोघी बायका या वेळेला एकट्या कशा जाणार?

 आत्या म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई. वाडीत जन्म गेला, हजारदा याहून उशिरा बाजारहाट करून एकटी घरी आली असेल. माझ्यासाठी दुपारपासून तिने मान खाली घातली होती. ती मान आता वर आली. आवाज मात्र चढला नाही, आणि बेनना नीट कळावं म्हणून ती गुजरातीत बोलली.

"ठपको सांभळवा माटे हुं चालुं, अने छोकरीने घरे लई जवा माटे ना चालुं?"

बोलणी खायला मी चालते आणि मुलीला घरी न्यायला चालत नाही?  आत्याने पुढे विचारलं, सात तर माझेही वाजले, मग मलाही आजची रात्र इथेच कोंडणार का? मी म्हटलं, आणि बेन, मी आता तुमच्या होस्टेलची राहिलेच नाही, तुमचा नियम मला कुठून लागतो? चौकीदार बेनकडे पाहत राहिला. बेन जमिनीकडे. आत्याने त्याच्या पुढे हात घालून स्वतःच कडी सरकवली, आणि आम्ही ट्रंक उचलून बाहेर पडलो.

रिक्षात बसल्यावर आत्या म्हणाली, सकाळी एसटीडी बूथवरून मी तुझ्या बाबांशी बोलेन. पोरगी परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहील, आणि कोणी तिला न्यायला यायचं नाही. मग तिने रिक्षावाल्याला वाडी सांगितली. मी म्हटलं, आत्या, डिपार्टमेंट अजून उघडं आहे. परवानगी मिळेल या आशेवर बाटल्या सकाळी तयार करून ठेवल्यात, आज मोजल्या नाहीत तर वाया जातील. तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ लागेल, एवढंच विचारलं आणि रिक्षा वळवायला सांगितली.

यंत्रावर माझी चहाडी करणारा तोच मुलगा बसला होता, चहाचा ग्लास घेऊन. त्याचं काम संपलेलं दिसत होतं. मला पाहून तो दचकला, पण सावरून म्हणाला, सरांनी सांगितलंय, परवानगी असल्याशिवाय तुला बसू द्यायचं नाही. माझ्या मागून आत्या आली, ट्रंक तिने दाराशी टेकवली आणि एक स्टूल ओढून बसली.

"कोणाची परवानगी आणलीस?" त्याने विचारलं.

"माझी," मी म्हणाले. "ऊठ."

तो उठला.