लिफाफ्यावरचं गाव

शेणव्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. तिशीही गाठली नव्हती, पण तोरा असा, की सगळ्या शहापूर तालुक्याची अक्कल माझ्याच टोपीखाली! शाळेला लागून सागाची वखार होती. तिथला रखवालदार पठाण रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायचा. आपल्या सरहद्दीवरच्या गावाबद्दल बोलू लागला की थांबायचा नाही. त्यांच्या टोळीचा मूळपुरुष शेळ्या घेऊन डोंगर उतरला, झऱ्यापाशी राहिला, त्याच्याच नावावरून गावाला नाव पडलं. मग त्या पुरुषापासून स्वतःपर्यंतच्या पिढ्या बोटांवर मोजायचा. मी जांभया द्यायचो.

एका साली तिकडे मोठा भूकंप झाल्याची बातमी आली. गावी त्याची म्हातारी आई एकटी. पठाणाचं जेवणच तुटलं. चिठ्ठी त्याने स्वतः उर्दूत लिहिली, पण लिफाफ्यावर इंग्रजी पत्ता हवा, म्हणून माझ्याकडे आला. त्याने सांगितलं ते, मूळपुरुषावरून पडलेलं गावाचं नाव मी लिहिलं.

महिन्याभराने लिफाफा परत. "मास्तर, असा गावच नाय म्हनतात," टपालवाला म्हणाला. पठाण मटकन खाली बसला.

मी शाळेतला नकाशा उलगडला. पठाणाने बोट ठेवलं त्या जागी कुणा गोऱ्या साहेबाचं नाव छापलेलं. त्याने तिथे ठाणं वसवलं आणि गावाला आपलं नाव दिलं. म्हटलं, "अरे बाबा, सरकारदरबारी तुझं गाव हेच. हेच लिहू!"

"नहीं!" तो कडाडला. "साहब कल आया. हमारा गाँव पुराना है!"

माझंही डोकं फिरलं. "तुला आई हवी की नाव हवं?"

नवा लिफाफा आपटून, जुनंच नाव लिहायला बजावून तो तरातरा निघून गेला. मी साहेबाचं नाव लिहिलं आणि लिफाफा गुपचूप टपालात टाकला. पुढचे दोन महिने त्याच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही.

मग एक दिवस भर वर्गात तो दारात उभा. हातात चिठ्ठी. "माँ जिंदा है!" म्हणत त्याने मला अशी मिठी मारली की बरगड्या कुरकुरल्या. लिफाफ्यावर काय होतं तेही आईने कळवलं होतं. त्याने चिठ्ठी वाचून दाखवली. आई म्हणत होती, तुझा मास्तर अडाणी दिसतो, आपल्या गावाला साहेबाचं नाव देतो. पण त्याच्यामुळे माझा मुलगा मला सापडला. त्याच्या सात पिढ्यांची नावं कळव, मी नमाजात सगळ्यांसाठी दुवा मागेन.

"बोलो," पठाण म्हणाला.

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. पुढे? पोरं टकामका बघत होती आणि त्यांना इतिहास शिकवणारा मी तोंड उघडं टाकून उभा!

त्या रविवारी डोळखांबला म्हाताऱ्या आत्याकडे चालत गेलो. तिला आणखी तीन नावं ठाऊक होती. पाच नावं पठाणाने चिठ्ठीत लिहिली, आणि लिफाफा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "साहब का नाम लिखो. माँ को पहुँचना चाहिए."

तेव्हापासून दर सर्वपित्रीला मी पाच जणांची नावं घेऊन पानं वाढतो. केवढे उपकार त्या बाईचे! आता तीही नसणार, म्हणून सहावं पान तिचं असतं. तिचं नाव मात्र मी कधी विचारलंच नाही.