दोन रांगा

माजरीच्या आमच्या चर्चमध्ये बाई पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसतात. त्या खाणीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गाणी बेसूर म्हणतात, पण आवाज सगळ्यांच्या वर. प्रवचन लांबलं की पर्समधून शेंगदाणे काढतात. मी पाहिलं की म्हणतात, "देवाले चालते, तुले काय तरास?"

यंदा आमच्याकडे एक तरुण फादर आले. एटापल्लीकडचे माडिया आदिवासी, रंगानं चांगलेच काळे. पहिल्याच रविवारी त्यांनी 'सगळी माणसं देवाचीच प्रतिमा' यावर प्रवचन दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी दोघे फादर प्रसाद द्यायला उभे राहिले, तर आधीपासूनच्या मोठ्या, गोऱ्या फादरांपुढे दारापर्यंत रांग लागली. नव्या फादरांपुढे कुणीच नाही. ते प्रसादाची वाटी धरून खाली बघत उभे होते.

बाई उठल्या आणि रांगेकडे वळल्या.

"काऊन जी, तिकडचा येशू गोरा हाय का?"

कुणीतरी उगाच खोकलं. बाई नव्या फादरांसमोर गेल्या, खणखणीत 'आमेन' म्हणाल्या आणि प्रसाद घेतला. ते पाहून मोठ्या फादरांनी आपली वाटी वेदीवर ठेवली आणि ते खुर्चीत जाऊन बसले. रांग निमूट नव्या फादरांकडे वळली.

बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या.

"लाजेनं आले, भक्तीनं नाई," त्या कुजबुजल्या. "पण आले ना!"