आनंदीचो बापूस

माझ्या आजोबांचं लग्न दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा आजीशीच. हे मला कळलं ते एकसष्ट सालच्या वैशाखात, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून देवबागला आमच्या खळ्यात मांडव पडला तेव्हा. मी चौदा वर्षांची होते.

कल्पना भाईकाकांची. ते मुंबईला गोदीत कामाला होते. तिथं साहेबाच्या आईवडिलांचा असा समारंभ त्यांनी पाहिला होता. "आमच्या आईबापाशीन काय घोडा मारलो?" म्हणत ते बायकामुलांसकट आले. मालवणहून फोटोवाला बोलावला. चुलीवर वड्यांचं तेल तापलं. आजोबा, महादू केळूसकर, नव्या धोतरात अवघडून बसले होते. आजीला शेजारी आणून बसवलं आणि काशीबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाल्या. काशीबाई म्हणजे आजीची थोरली जाऊ. ऐंशीच्या घरात, पण अजून सवाशीण.

"सुगंधा, कपाळ फुडे कर गो. कुंकू लावतंय."

आजीनं मान मागं घेतली. "नको बाय. तुझो हात नको."

काशीबाईंचा हात तसाच राहिला. मग त्या खाली बसल्या आणि रडू लागल्या. "मियांच फोडलंय गो तिची काकणां. बावीर नेऊन. सगळ्यांनी सांगला म्हणान फोडलंय."

भाईकाकांनी सावरायला म्हटलं, "जाऊंदे आई. आज पन्नास वर्सां झाली, आज कित्याक ता?"

"पन्नास खंयची रे? माझी सत्तेचाळीस झाली. मधली तीन कोणी मोजूची?" आजी म्हणाली.

वडिलांनी मला आणि चुलतभावंडांना मागल्या पडवीत नेऊन सांगितलं ते असं. लग्नानंतर चार वर्षांनी आजोबा परदेशी आगबोटीवर खलाशी म्हणून गेले. लढाईचे दिवस होते. सतरा साली पत्र आलं की बोट बुडाली, कोणी वाचलं नाही. गावानं दर्भाचा महादू करून जाळला, तेरावं घातलं. काशीबाईंनी आजीला विहिरीवर नेऊन तिच्या बांगड्या फोडल्या; आजी विधवा झाली तेव्हा बावीस वर्षांची होती. आजोबा मात्र शत्रूच्या कैदेत होते, मग परक्या मुलखातल्या इस्पितळात. तीन वर्षांनी ते पायी मालवणहून घरी आले, तर बायका किंचाळत आत पळाल्या. ज्याचं तेरावं झालंय त्याला घरात कसं घेणार? भटजींनी पोथी काढली. आजोबांना बाळासारखं न्हाऊ घातलं, बारसं केलं, मुंज केली आणि आजीशी पुन्हा लग्न लावलं. वडील, भाईकाका, आत्या ही त्या दुसऱ्या लग्नाची मुलं.

आम्ही मांडवात परतलो तेव्हा फोटोवाला माणसं बसवत होता. "मुलांनी पायाशी बसा. तिघंच ना?"

"चार," आजी म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. ते बोटीवर गेल्यावर त्यांना मुलगी झाली होती. आनंदी. अठरा सालच्या तापाच्या साथीत ती गेली, तीन वर्षांची होऊन. आजोबांनी तिला पाहिलंच नव्हतं.

"माका सगळ्यांनी इतक्याच सांगला," ते हळू म्हणाले, "झाली नि गेली."

"तुमी कधी इचारूक नाय."

"इचारूचो धीर नाय झालो." फोटोवाला काळ्या कापडाबाहेर डोकं काढून थांबला होता. "कशी होती गो ती?"

"नाक तुमचा. उजव्या गालार तीळ. समुद्रात शीड दिसला काय बाबा इलो म्हणान धावत सुटायची."

फोटो त्या दिवशी निघाला, पण त्यात दोघांपैकी कोणीच समोर बघत नाही.

संध्याकाळी आजोबा म्हणाले, तिका पुरली ती जागा माका दाखय. आजी पुढं, ते मागं, आणि सोबत मी, असे सुरूच्या बनापलीकडे गेलो. आजी किनाऱ्याशी थांबली आणि तिनं लाटांकडे बोट केलं. "थंय." चाळीस वर्षांत दर्यानं तेवढी जमीन खाल्ली होती. आजोबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि उभे राहिले. आम्ही हाक मारली तरी वळले नाहीत.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणं झाली की, ते पडवीत विचारत, "मगे?" आणि आजी मासे नीट करता करता सांगे. आनंदी काय खाई, कशाला भिई, कोणाच्या कडेवर जाई. मी जवळच अभ्यास करायची. पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं की आनंदी शाळेत जाऊ लागली आहे. दिवाळीनंतर ती भाकरी थापू लागली, पुढच्या वर्षी तिला वेंगुर्ल्याहून स्थळ आलं. तीन वर्षांच्या पोरीचं सांगण्यासारखं असं असणार किती? ते कधीच संपलं होतं. आजोबांना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. एकदा त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगो बरो आसा मां?"

"बरो आसा. दर्यावर नाय जायत."

कधी कधी पडवीत त्या दोघांत तिसरं कुणी बसलंय असं वाटून मी पुस्तक मिटून आत जायची.

चौसष्टच्या श्रावणात आजोबा गेले. या खेपेला प्रेत होतं, खांदा देणारे मुलगे होते. काशीबाई आधीच गेल्या होत्या. आजीनं बांगड्या स्वतःच उतरवून ठेवल्या. महिनाभरानं एका दुपारी ती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. घर फार शांत होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आजी, मगे आनंदीचा काय झाला?"

तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"काय होतला? ती मेली गो," ती म्हणाली. "तीन वर्सांची होती." आणि सुंगटांची परात माझ्याकडे सरकवून म्हणाली, "धुवन घेवन ये."