कारभारींच्या प्लॉटवरच्या चौदा गाड्या

कारभारी मूळचे विंचूरचे. कांद्याच्या गाड्या दुरुस्त करता करता नाशकात आले, पाथर्डी फाट्याच्या मागे प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. गॅरेज बंद पडलं, तरी माणूस भिडस्तच राहिला. कोणीही यावं, बंद गाडी लावावी, "दोन दिवस राहू द्या" म्हणावं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. चौदा गाड्या साठल्या. दसऱ्याला हा गृहस्थ चौदाही धुऊन प्रत्येकीला झेंडूचा हार घालायचा, आणि समोरच्या सोसायटीतले आम्ही हसायचो.

त्यातली एक स्कूटर माझी. नवी कार आली, पार्किंग एकच. चार वर्षांपूर्वी मीच ती तिथे ढकलत नेली होती.

यंदा डास वाढले. गाड्यांत पाणी साचतं म्हणून सोसायटीने महापालिकेत तक्रार करायचं ठरवलं. मी मराठीची शिक्षिका, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. 'निवासी जागेत भंगार वाहनांचा बेकायदा साठा', असं झोकात लिहिलं. पहिली सही माझी. स्कूटर विसरले होते असं म्हणणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

सात दिवसांची नोटीस आली, सोबत अर्जाची प्रत. कारभारी एकेका गाडीवाल्याच्या दारी जाऊन "गाडी न्या" म्हणून आले. कोणी नेली नाही. माझ्या दारी ते आलेच नाहीत.

आठव्या दिवशी क्रेन आली. निरीक्षक म्हणाले, "मालकांची नावं द्या. नोटिसा त्यांना जातील, तुम्ही सुटाल."

मी गेटाशी उभी होते. 

"नावं काय सांगू साहेब? जागा माझी, म्हून गाड्याबी माझ्याच. लिहा."

तेरा गाड्या गेल्या. पंचनाम्यावर एकट्या कारभारींचं नाव. माझी स्कूटर मात्र तिथे नव्हतीच. चोरीला गेली असेल असं वाटलं आणि मला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आता फार लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यांच्या बायकोने, कुसाबाईंनी, हाक मारली. खाट, गव्हाची कोठी, सगळं ओट्यावर काढलेलं. आत खाटेच्या जागी माझी स्कूटर.

"हे म्हनले, पयली सही मॅडमची. गाडीबी त्यांचीच निघाली तर लोक त्यांना हसतील. म्हून आत घेतली."

मला वर बघवेना. खरं सांगून कारभारींना पंचनाम्यातून सोडवायला मी आत्ताही महापालिकेत जाऊ शकत होते.

कुसाबाई हळूच म्हणाल्या, "उद्या दुपारच्याला न्या. तव्हा तुमच्याकडं कोनी नसतं बघायला."

मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि दुपारीच जाऊन नेली.