तारमास्तरांचे एकोणीस ईमेल

तारमास्तरांची सगळी नोकरी तारखात्यात गेली, त्यामुळे शब्द वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. बायकोशीसुद्धा तारेच्याच भाषेत बोलायचे. "चहा. साखर कमी." तोंड सुटलं ते एकदाच, लेकीने न विचारता लांबच्या शहरात नोकरी धरली तेव्हा. ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. वर्ष झालं, बाप-लेकीचा अबोला होता. रविवारी तिचा फोन यायचा तो आईसाठी. मास्तर पेपरात तोंड खुपसून कान टवकारायचे.

फोन करायचा तर मान आडवा यायचा. पत्र टाकावं तर पोस्टातले जुने सोबती अक्षर ओळखणार. म्हणून मास्तरांनी गुपचूप ईमेलचा घाट घातला. शेजारची सूनबाई कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. तिने घरातल्या कॉम्प्युटरचा मोडेम फोनच्या लाइनला जोडला, कुठे लिहायचं आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. तिची पाठ वळताच मास्तरांनी मोडेमची वायर उपटली. लेकीचा फोन आला आणि लाइन अडलेली असली तर? खात्यातला माणूस असला गाढवपणा करील होय!

पहिला ईमेल: "चुकलो. ये. बाबा."

उत्तर नाही. "पोचलं का. कळव." तरी नाही. मग मास्तरांचा पारा चढला. "समजलो. संबंध संपला." दुसऱ्या दिवशी सकाळी: "कालचं रद्द." दुपारी: "रद्द केलेलं रद्द." रविवारी फोन आला, आईशी तोंडभरून गप्पा झाल्या, पण ईमेलबद्दल अवाक्षर नाही. मास्तर पेपराआड अगदी रडवेले झाले.

शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी सूनबाईला बोलावलं. तिने पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काका, एकही गेला नाही! एकोणीसच्या एकोणीस इथेच पडलेत." मास्तर "थांब, थांब" म्हणेपर्यंत तिने वायर खोचलीसुद्धा, आणि एकोणीसही ईमेल सुटले.

"परत मागवता येतात?"

"नाही हो, काका."

सूनबाईने जाताना वायर काढून ठेवली, आणि तासाभरात फोन वाजला. आईने उचलला, चकित झाली आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"बाबा," लेक म्हणाली, "एवढं सगळं भांडण तुम्ही एकट्यानेच केलंत?"

"मग काय करणार?" मास्तर म्हणाले. "तू कुठे होतीस घरात?"

मग ती म्हणाली, "शनिवारी येते."