बिनसेलची घंटी

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली काहीतरी आहे म्हणून मुली तिथून जायला घाबरायच्या, तेव्हा मी मुद्दाम तिथेच डबा उघडून बसायची... त्यामुळे अशा गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं. तरी लिहितेय. नातवंडांना सांगून झालं, ती अर्ध्यातच हसतात. तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचून हसा.

ठिकाण नागपूर, प्रतापनगर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, महिना मे. तेव्हा ती वस्ती नवीन होती — आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि बाभळी. आमचं घर बैठं, बाहेरून जिना, वर सपाट गच्ची. घरात आम्ही चौघं : माझे सासरे म्हणजे बाबा, सासूबाई, आमचे हे आणि मी. हे हिंगण्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकलच्या कामावर होते.

बाबा मूळचे भिवापूरचे. दर उन्हाळ्यात तिकडून पोत्यांनी मिरची यायची, गच्चीवर वाळायची आणि तिचं वर्षाचं तिखट व्हायचं. ते पंधरा-वीस दिवस आमच्याकडे येणारा पाहुणा नमस्काराच्या आधी शिंकायचा. मिरचीची राखण बाबांकडे. नागपुरात मे महिन्यातही आभाळ कधी भरून येईल नेम नसतो, आणि भिजलेली मिरची काळी पडते. म्हणून बाबा भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा घालून पाण्याच्या टाकीशी बसायचे. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, ही आमच्याकडची श्रद्धा.

आदल्या वर्षी त्यांना ऊन लागलंच. कांदा खिशातच होता! मरता मरता वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं — पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. बाबांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं की कांदा शिळा होता.

ते ऐकणार नाहीत हे ओळखून यांनी एक यंत्र करायला घेतलं. बाबा गच्चीवर जायचे ते आभाळावर नजर ठेवायला; तेच काम यंत्राने केलं तर बाबा खाली सावलीत राहतील, असा हिशेब. गच्चीवर साबणाच्या डबीत एक छोटा ट्रान्समीटर, त्याला सेल. एका बाजूला जुन्या इस्त्रीतली पट्टी, ती उन्हाने तापली की वाकायची. दुसऱ्या बाजूला दोन तारांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला टिपकागद. खाली बैठकीत जुन्या रेडिओच्या खोक्यात रिसीव्हर, तो घरच्या विजेवर. मधे तार नाही, काही नाही! पट्टी वाकली की खाली कूलरचा पंप आपोआप सुरू, कागदावर थेंब पडला की घंटी. आज माझा नातू मोबाइलवरून दिवे लावून दाखवतो आणि मी तोंड उघडून बघत राहावं अशी त्याची अपेक्षा असते. अरे, तुझ्या आजोबांनी हे साबणाच्या डबीत केलं होतं...

आता खरं सांगायचं तर यंत्र अर्धवट होतं. कावळा शिटला की घंटी. रस्त्यावर कुणी स्कूटर सुरू केली की घंटी टुक करून गप्प. दोनदा मी पदर खोचून मिरच्या गोळा करायला धावले आणि कावळ्याला शिव्या देत परत आले. पोलीस बिनपरवाना बिनतारी यंत्र पकडायला येतील, ही भीती सासूबाईंना वेगळीच. आणि बाबा तर पहिल्या दिवसापासून फुरंगटलेले. हे कौतुकाने दाखवायला गेले तेव्हा त्यांनी डबीकडे पाहिलंही नाही.

"मशीनले आभाळ समजते का गा?" एवढंच म्हणाले.

यांना ते लागलं. रात्री जेवण कमी गेलं.

त्या दिवशी हे सकाळच्या पाळीला गेले होते. दुपारी जेवणं झाली, बाबा आतल्या खोलीत पडतो म्हणून गेले. कूलरचा पंप आपोआप सुरू झाला नाही तेव्हा मी हातानेच बटण दाबलं — यंत्र पुन्हा बिघडलं, दुसरं काय! सासूबाई आणि मी बैठकीत चटईवर आडव्या झालो. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात घंटी वाजली.

टुक नाही. सलग. थांबेचना.

मी खिडकीतून पाहिलं. आभाळ पांढरंफटक, ढगाचा ठिपका नाही, बाभळीचं पानही हलत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, जाय वं, पाह्य, मिरच्या भिजतीन. मी म्हटलं ढगच नाही तर भिजतील कशाने? तरी घंटी डोकं उठवत होती म्हणून उठले. ती डबीच उपटून आणायची, अशा रागात चपला न घालता जिना चढले आणि तळवे भाजून घेतले.

टाकीजवळ बाबा पडलेले होते. पडतो म्हणून गेले ते मागच्या दाराने केव्हाच हळूच वर आले होते. चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. उशाशी त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर, त्यावर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चाललेला... मी अशी किंचाळले की समोरचे शेजारी बनियनवरच धावत आले. आम्ही दोघांनी बाबांना उचलून खाली आणलं, कूलरसमोर निजवलं, ओल्या चादरी गुंडाळल्या. घंटी कधी बंद झाली, कुणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर आले, सलाइन लावलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी येऊन उपयोग नव्हता, म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

पाळी संपवून हे आले. बाबा धोक्याबाहेर आहेत कळल्यावर यांच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर अभिमान, दोन्ही एकदम. यंत्र चाललं म्हणून बघायला वर गेले. खाली आले ते एकेक पायरी मोजल्यासारखे. हातात डबी — उघडी. आत सेलच नव्हते.

दुसऱ्या हातात बाबांचा ट्रान्झिस्टर होता. त्याचं झाकण काढलं तर आत आमचे सेल! हे प्रत्येक सेलवर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवायचे, म्हणून शंकेला जागाच नव्हती. सकाळीच बाबांनी काढले असणार. दुपारी पंप का सुरू झाला नाही ते तेव्हा कळलं. आणि टिपकागद? खडखडीत कोरडा. मिरच्यांमध्ये हात घातला तर चटका बसत होता.

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य मला उद्देशून होतं. "सूनबाई, पाऊस थांबला का वं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुठला पाऊस, मी विचारलं. म्हणाले, मस्त थंडगार थेंब पडून राहिले होते तोंडावर, मिरच्यांवर तडतड वाजून राहिला होता. यांनी त्यांना समजावलं की ओल्या चादरीमुळे तसं वाटलं असेल. मीही मान डोलावली. विज्ञानाची बाई ना मी! पण मग यांनाच राहवेना.

"बाबा, सेल तर तुमच्या रेडिओत होते. मग घंटी वाजली कशी?"

बाबा थोडे ओशाळले. बातम्या ऐकाच्या होत्या म्हणाले. मग यांच्याकडे असं पाहिलं, की प्रश्नच समजला नाही.

"पाऊस पडला म्हणून वाजली. पावसासाठीच त केलं ना गा तू ते मशीन?"

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले आणि भर उन्हात पुन्हा कधी गच्चीवर गेले नाहीत. येईल त्याला बैठकीत बसवून लेकाचं मशीन दाखवायचे, आणि हे शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकायचे. यांनी त्या यंत्रावर पुढे किती डोकं लावलं! सेल काढून, स्कूटर आणून, शेजाऱ्याची मोटर सुरू करून पाहिलं. टुक व्हायचं, बस्स. तसं सलग ते परत कधीच वाजलं नाही.

त्या दुपारी आमच्या घरावर पाऊस पडला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. आणि बाबांवर तो पडला, हेही.